बोरीच्या पुलावरची मीटिंग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात वेर्ण्याच्या एका कारखान्यात पॅकिंगची अकरा माणसं तुमच्या हाताखाली आहेत. मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात आणि दोन दिवसांनी तेच काम अडून बसतं. फक्त एक सीनियर गृहस्थ प्रत्येक गोष्टीला फाटे फोडतात. त्यांना दुसऱ्या विभागात हलवावं का, आणि टीममध्ये मतभेद असलेले चांगले असं जे म्हणतात ते कितपत खरं?

आधी हलवण्याचं सांगते. हलवू नका, निदान तीन महिने तरी. त्रास त्या एकाचा होतोय असं तुम्हाला वाटतं, पण दुखणं बाकीच्या दहांचं आहे.

मी औषध कारखान्यांत २६ वर्षं काढली. आधी प्रॉडक्शनला, मग क्वालिटी अ‍ॅश्युरन्सला. त्यातली बरीच वर्षं फोंडा ते वेर्णा कंपनीच्या बसने. संध्याकाळी बस सुटली की लोटलीपर्यंत सगळे पेंगत असायचे. बोरीचा पूल आला की तोंडं उघडायची. सकाळी मीटिंगमध्ये ज्याने ‘बरें मॅडम’ म्हटलेलं असायचं, तोच मागच्या सीटवरून सांगत असायचा की ही नवी पद्धत पंधरा दिवसांत कशी गुंडाळावी लागणार आहे. कारणंही इतकी नेमकी, की सकाळी टेबलावर आली असती तर आमचे निम्मे व्याप वाचले असते. मी पुढच्या सीटवर बसून ऐकायचे. मॅनेजर झाल्यावर कंपनीने गाडी दिली आणि माझी ती मीटिंग बुडाली. माझ्या हातून ज्या मोठ्या चुका झाल्या, त्या त्यानंतरच्या.

म्हणजे तुमच्या टीममध्ये मतभेद नाहीत असं समजू नका. आहेतच. ते तुमच्यापर्यंत पोचत नाहीत, एवढंच. कँटीनमध्ये भाजीपावाबरोबर निघतात, बसमध्ये निघतात, हल्ली तुम्हाला वगळून केलेल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निघतात. आणि आपल्याकडे कोंकणीत ‘पळोवया’ म्हणजे ‘बघूया’ हा एक शब्द आहे. गोव्यात मीटिंगमध्ये कोणी ‘पळोवया’ म्हणालं तर त्याचा अर्थ ‘नाही’ असा घ्यायचा. बाहेरून आलेल्या साहेबांना हे कळायला दोन वर्षं लागतात. तुम्ही इथलेच आहात, तुम्हाला माफी नाही.

माझ्या एका चुकीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण नुसत्या उपदेशाने काही हाती लागत नाही.

जुलै महिना होता. एका गोळीचं उत्पादन जुन्या लाइनवरून नव्या खोलीत हलवायचं होतं. गोळी ओलावा ओढणारी, पण खोली वातानुकूलित, हवेतला ओलावा काढणारा डीह्युमिडिफायर बसवलेला, कागदपत्रं पूर्ण. मीटिंगला पावडर दाबून गोळ्या पाडणाऱ्या कॉम्प्रेशन मशीनवरचे एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना भाई म्हणायचे. माझं बोलून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, “मॅडम, पावसात नको. चवथीनंतर बघूया.” मी म्हटलं, “भाई, आत डीह्युमिडिफायर चालू आहे. पावसाचा काय संबंध?” दोन-तीन जण हसले. भाई पुढे काही बोलले नाहीत. मिनिट्समध्ये लिहिलं गेलं, ‘सर्वानुमते मंजूर’.

तिसऱ्या बॅचला पंचांना, म्हणजे गोळी दाबणाऱ्या ठशांना, पावडर चिकटायला लागली. गोळीवर जे अक्षर कोरलेलं असतं, त्याच्या पोटातली पावडर पंचावरच राहते आणि गोळीवर बारीक खड्डा पडतो. आमच्या धंद्यात याला पिकिंग म्हणतात. ओलावा वाढला की हे होतं, हे पहिल्या वर्षाच्या ट्रेनीलाही ठाऊक असतं. पण हवेतला ओलावा मोजणारा हायग्रोमीटर तर मर्यादेत आकडा दाखवत होता. दोन दिवस आम्ही ग्रॅन्युल्स पुन्हा पुन्हा तपासले, पंच पॉलिश केले, वंगणाच्या प्रमाणावर वाद घातले. तिन्ही बॅचेस होल्डवर. तिसऱ्या दिवशी मी मुकाट्याने भाईंकडे गेले. त्यांनी मला मशीनजवळ नेलं आणि काही न बोलता दाराकडे बोट दाखवलं.

त्या खोलीला एअरलॉक होता. दोन दारं, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. पण नवी ट्रॉली त्या मधल्या जागेपेक्षा लांब. ती आत घेताना दोन्ही दारं एकदम उघडी राहायची आणि बाहेरच्या पॅसेजमधली पावसाळी हवा सरळ आत यायची. मशीनचा हॉपर, म्हणजे पावडर ओतायचं नरसाळं, दारापासून चार हातांवर, आणि हायग्रोमीटर पलीकडच्या भिंतीला, हवा परत खेचणाऱ्या जाळीपाशी. तो बिचारा स्वतःच्या कोपऱ्यापुरतं खरंच सांगत होता. भाईंनी हे आधीच्या आठवड्यात ट्रॉली आत नेऊन पाहिली तेव्हाच हेरलं होतं. मी विचारलं, “मग सांगितलं का नाही?” ते म्हणाले, “सांगिल्लें न्हय, मॅडम? पावसात नको म्हणून.”

त्यांनी सांगितलं होतंच. कामावरच्या माणसाचा विरोध असाच येतो. निष्कर्ष आधी, तोही ओबडधोबड, आणि कारण पोटात. ते बाहेर काढायला समोरच्याने एक प्रश्न विचारावा लागतो. गंमत म्हणजे तो प्रश्न मी शब्दशः विचारला होता. ‘पावसाचा काय संबंध?’ पण मी तो उत्तरासाठी विचारला नव्हता, गप्प बसवण्यासाठी विचारला होता. भाईंना तो फरक कळला. हसणाऱ्या दोघा-तिघांनाही कळला, आणि पुढचे कित्येक महिने त्या टेबलावर कोणी ‘नको’ हा शब्द काढला नाही.

आता मतभेद चांगले म्हणतात ते कितपत खरं, याबद्दल. यावर अभ्यास पुष्कळ झालाय, आणि तो ट्रेनिंगमधल्या स्लाइड्सवर दाखवतात तितका गोडगोड नाही. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांमधल्या टीमचा अभ्यास केला. चांगल्या टीमकडून औषधं देण्यात चुका कमी होत असतील अशी अपेक्षा होती. आकडे उलटे आले: चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त. नंतर उलगडा झाला की त्या टीममध्ये चुका मोकळेपणाने नोंदवल्या जात होत्या आणि बाकीच्या ठिकाणी लपवल्या जात होत्या. ऑडिटचं काम केलेल्या कोणालाही हे वाचून नवल वाटणार नाही. एखाद्या प्लांटने वर्षभरात एकही डेव्हिएशन, म्हणजे ठरलेली पद्धत मोडल्याची नोंद, केलेली नसेल, तर ऑडिटर खूश होत नाही. तो खुर्ची पुढे ओढून बसतो.

पण दुसरी बाजूही आहे. कामावरून होणारा मतभेद आणि माणसावरून होणारा मतभेद यांत कॅरन जेन यांनी १९९५ मध्ये फरक दाखवला. पहिला उपयोगी पडू शकतो, दुसरा घातकच, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे २००३ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सरासरीने दोन्ही प्रकार टीमच्या कामगिरीला मारकच निघाले. २०१२ मध्ये ११६ अभ्यासांची पुन्हा एकत्र छाननी झाली. त्यातून असं दिसलं की कामावरचा मतभेद माणसांच्या भांडणापासून जिथे वेगळा राहतो, तिथे त्याचा फायदा व्हायची शक्यता जास्त. म्हणून ‘वाद होऊ द्या, वाद चांगले’ असं भिंतीवर लिहून काही होणार नाही. दोन्ही वेगळे ठेवता आले तर ठीक, नाहीतर गप्प बसलेलं परवडलं अशी पाळी येते.

आणि हे वेगळं ठेवणं गोव्यात मुंबई-पुण्यापेक्षा कठीण आहे. इथे तुमच्या टीममधला माणूस तुमच्या मामेभावाचा शेजारी असतो, नाहीतर तुमच्याच देवस्थान समितीवर असतो. जत्रेच्या नाटकात तो राजा आणि तुम्ही प्रधान. मंगळवारी मीटिंगमध्ये त्याचा मुद्दा खोडला की रविवारी भजनाला त्याची बायको तुमच्या आईशी बोलत नाही. हसू नका, माझ्या बाबतीत झालंय. त्यामुळे ‘जे आहे ते सगळ्यांसमोर तोंडावर बोला’ हा पुस्तकी सल्ला मी इथे देत नाही. मी मीटिंगच्या आदल्या दिवशी एकेकाला गाठते. काम दाखवायचं, आणि म्हणायचं, “उद्या हे मांडणार आहे. यात तुला काय खटकतंय ते तूच उद्या बोल, मला चालेल.” त्याचं मत फिरवायचा प्रयत्न करायचा नाही. फक्त परवानगी द्यायची. हे लोकांना लबाडी वाटू शकतं, पण माझ्या अनुभवात निम्मं काम इथेच होतं.

आता तुमचे ते सीनियर गृहस्थ. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत, आणि मला आजवर त्याहून कामाची वर्गवारी मिळालेली नाही. खरं काय ते शोधण्यासाठी दोघे बोलतात तो वाद. जिंकण्यासाठी बोलतात तो जल्प. आणि स्वतःची बाजूच न मांडता फक्त समोरच्याची पाडायची ती वितंडा. आपण मराठीत ‘वितंडवाद’ म्हणून दोन्ही शब्दांची खिचडी करून टाकली, आणि त्यात ‘वाद’ हा चांगला शब्द उगाच बदनाम झाला.

तुमचे गृहस्थ यातलं काय करतात ते आधी तपासा. सोपी रीत आहे. एक वही करा. त्यांनी कशाला विरोध केला ते तारखेसकट दोन ओळींत लिहा, आणि महिन्याभराने काय झालं ते समोर लिहा. मी हे एका अतिशय खवचट सुपरवायझरबद्दल केलं होतं, त्याला काढायचं कारण हाताशी असावं म्हणून. वही भरत गेली तशी मला लाज वाटत गेली. पाचातल्या दोन-तीन वेळा तो बरोबर निघत होता. त्याची भाषा खराब होती, नजर खराब नव्हती. वहीसोबत एक नियमही करा, फक्त त्यांच्यासाठी नव्हे, सगळ्यांसाठी: ‘नको’ म्हणणाऱ्याने ‘मग काय’ हेही सांगायचं, आणि लगेच सुचलं नाही तर त्याला उद्यापर्यंत मुदत. वितंडा करणारा इथे गळतो. वाद करणारा दुसऱ्या दिवशी कागद घेऊन येतो. तीन महिन्यांनी वहीत ते एकदाही बरोबर निघाले नाहीत आणि कागद कधीच आला नाही, तर जरूर हलवा. काही माणसं खरोखरच नुसती कटकटी असतात, आणि त्यांना टीमच्या डोक्यावर ठेवणं हा बाकीच्यांवर अन्याय आहे.

यावर कोणी तुम्हाला सांगेल की दर मीटिंगला पाळीपाळीने एकाला विरोधक नेमा. मीही नेमून पाहिला. आमच्याकडे हौशी नटांचा सुकाळ. पहिल्याच खेपेला स्टोअर्सच्या मुलाने असा जोरदार विरोध केला की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि निर्णय होता तसाच राहिला. नेमलेला विरोधक मनापासून बोलत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. चार्लन नेमेथ या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून हेच दाखवलंय: खरोखर असहमत असलेला माणूस बाकीच्यांना जितका विचार करायला लावतो, तितका सोंग घेतलेला लावत नाही. तुमच्याकडे खरा आहे. त्याला घालवून उद्या खोटा नेमत बसाल.

बाकीच्या दहांना बोलतं करायला मी तीन-चार गोष्टी करते. सगळ्यात आधी, साहेबाने शेवटी बोलायचं. तुम्ही तुमचं मत पहिल्या वाक्यात सांगितलंत की उरलेली मीटिंग ही मंजुरीची सही असते. सर्वांत ज्युनियर मुलीपासून सुरू करा. दुसरं, ‘काही अडचण आहे का?’ हा प्रश्न कायमचा बंद करा. त्याला ‘नाही’ हेच उत्तर आहे. त्याऐवजी म्हणा, “समजा सहा महिने झाले आणि हे काम पार फसलंय. का फसलं असेल?” गॅरी क्लाइन यांची ही युक्ती, प्रीमॉर्टेम म्हणतात तिला. यात कोणाला साहेबाच्या विरोधात बोलल्यासारखं वाटत नाही. काम फसलेलंच आहे, आपण फक्त कारण सांगायचं. मी पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा चार ओळींपलीकडे कधी न बोलणाऱ्या एका पॅकरने सहा कारणं सांगितली, त्यातलं एक माझ्या सुट्ट्यांबद्दल होतं.

आणि भाषा. तुमच्या मीटिंग इंग्रजीत किंवा हिंदीत होत असतील, कारण वरचे साहेब बाहेरचे. माणूस परक्या भाषेत ‘हो’ म्हणू शकतो. ‘नाही’ म्हणून वर कारण द्यायला घरची भाषा लागते. मी दोन मिनिटं चिठ्ठ्या लिहायला द्यायचे: मराठी, कोंकणी, हिंदी, काहीही, नाव नको. एकदा एका चिठ्ठीवर फक्त ‘हें जावचें ना’, म्हणजे हे व्हायचं नाही, असं लिहिलेलं आलं. मी ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, “का बरं जावचें ना?” या वेळी उत्तरासाठी. पाच मिनिटं लागली, पण हात वर आला.

आता निर्णय झाल्यावर काय? विरोध करणाऱ्यांनी पुढे काय करायचं, हे न ठरवल्यामुळे कितीतरी टीम फाटतात.

आमच्या घरात १६ जानेवारी १९६७ ची गोष्ट अजून सांगतात. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, यावर जनमत कौल झाला. विलीनीकरणाला फूल, विरोधाला दोन पानं. आजोबा फुलाचे, धाकटे काका दोन पानांचे, आणि आजीचं म्हणणं की ती कशाची ते कोणी विचारूच नये. कौलाआधी महिनाभर दोघे जेवायला वेगवेगळ्या वेळी बसायचे. निकाल विलीनीकरणाच्या विरोधात गेला, ३४,०२१ मतांनी. विलीनीकरणाचा झेंडा घेतलेल्या भाऊसाहेब बांदोडकरांनी कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून आधीच मुख्यमंत्रिपद सोडलं होतं. कौल हरले, पण त्याच वर्षीची निवडणूक जिंकून पुन्हा मुख्यमंत्री झाले, आणि जो केंद्रशासित गोवा त्यांना नको होता त्याचाच कारभार १९७३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवला. आजोबांनी मत बदललं नाही. शेवटपर्यंत म्हणायचे, चुकलं. पण निकालानंतर पहिल्या जेवणाला दोघे एका पंगतीला बसले.

ते जमलं कारण प्रश्न एकच होता, तारीख आधी ठरलेली होती आणि मोजणी उघड झाली. तुमच्या टीममध्ये हेच तीन सांभाळा. नेमका कशावर निर्णय घ्यायचाय ते फळ्यावर लिहा. कुठल्या दिवसापर्यंत बोलायला मुभा ते सांगा. निर्णय कोण घेणार, तुम्ही की सगळे, तेही सांगा. तुम्हीच घेणार असाल तर मतदानाचं नाटक करू नका. मग मिनिट्समध्ये ‘सर्वानुमते’ लिहू नका. ‘अमुक यांचा आक्षेप: पावसाळ्यात नको, कारण हे’ असं लिहा, आणि आक्षेप कधी पुन्हा तपासायचा ती तारीख घाला. ज्याचं म्हणणं कागदावर आलं तो माणूस काम अडवत नाही, असा माझा अनुभव आहे.

प्रत्येक गोष्टीवर मात्र चर्चा उघडू नका. आगीचा अलार्म वाजला की मत विचारायचं नसतं. मंजूर झालेली एसओपी, म्हणजे कामाची लेखी ठरलेली पद्धत, मशीनपाशी उभं राहून बदलायची नसते. बदल हवा असेल तर चेंज कंट्रोलमधून, म्हणजे बदलाच्या रीतसर मंजुरीतून, या. आणि कोणी छळाची तक्रार केली तर ‘दोघांचे मतभेद आहेत’ म्हणून चहावर मिटवायला बसू नका. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ चा कायदा आहे, ती अंतर्गत समितीकडेच जायला हवी. मतभेद या शब्दाखाली ढकलून दिलेल्या अशा गोष्टी मी पाहिल्यात, आणि त्या कधी मिटलेल्या नाहीत.

येत्या मीटिंगला एवढंच करून बघा: त्या सीनियर गृहस्थांना आदल्या दिवशी भेटा, फळ्यावर एक प्रश्न लिहा, आणि तुम्ही शेवटी बोला. आणि ती चारला ठेवली असेल तर सकाळी घ्या. कंपनीची बस पाचला सुटते हे ज्याच्या डोक्यात आहे, तो पावणेपाचला कशालाही ‘हो’ म्हणतो.